सत्तेचाळीस नंबरची मुलगी

सत्तेचाळीस नंबरची मुलगी सकाळच्या चहाआधीच मुलगा निघाली.

"सर, मुलगी मुलगा निघालीय," मी कर्णिक सरांच्या दारात उभी राहून म्हणाले.

सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "अभिनंदन. म्हणजे आता बर्फी नाही, पेढे."

"थट्टा नको, सर. हजेरीत घोळ आहे."

'हजेरी' म्हटल्यावर मात्र सरांनी हातातला कप खाली ठेवला.

मी तेव्हा पुण्यात, पाषाणच्या एका संशोधन संस्थेत सरांच्या हाताखाली काम करत होते. पीएच.डी. झाली होती, कायमची नोकरी नव्हती. ना धड विद्यार्थी, ना धड प्राध्यापक. इचलकरंजीची माझी मावशी दर दिवाळीला विचारायची, "वृंदा, अजून शिकतीयासच होय गं?" आणि मी दर दिवाळीला चकली तोंडात घालून वेळ मारून न्यायची. खरं सांगायचं तर मी मजेत होते. लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर उपचारांनी बरा होतो, पण काही मुलांमध्ये परत येतो. तो का येतो, हे मला कॉम्प्युटरवर शोधायचं होतं. शहरातल्या एका हॉस्पिटलमधून मुलांच्या बोन मॅरोच्या, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथल्या, कुप्या आमच्याकडे यायच्या. खालच्या मजल्यावरची मंडळी त्यातल्या पेशींमध्ये कोणतं जनुक किती बोलतंय, म्हणजे किती काम करतंय, ते यंत्रावर वाचायची, आणि माझ्याकडे यायच्या फायली, नुसत्या आकड्यांच्या. मुलाचं नाव नाही, गाव नाही. एक नंबर, वय, मुलगा की मुलगी आणि आजाराबद्दल एखादी ओळ.

या फायलींवर काम सुरू करण्याआधी आमच्याकडे हजेरी घ्यायची पद्धत होती. प्रत्येक नमुन्याला कॉम्प्युटरवर विचारायचं, बाबा रे, तू मुलगा की मुलगी? काही जनुकं फक्त मुलग्यांकडे असतात, ती मुलीच्या नमुन्यात दिसूच शकत नाहीत. उलट एक जनुक असं की ते फक्त मुलींच्या पेशींत बोलतं, आणि चांगलं खणखणीत बोलतं. कागदावर मुलगी आणि पेशींत मुलगा असं निघालं, तर समजायचं की कुठेतरी कुप्यांची अदलाबदल झाली. असा नमुना बाजूला काढायचा आणि हॉस्पिटलला कळवायचं. सरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आकडे खोटं बोलत नाहीत, पण दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावतात. आपण सगळे कॉलेजात गेलोय."

"अदलाबदल असेल," सर म्हणाले. "त्या दिवशीच्या बाकीच्या कुप्या बघा. त्यातला कुणीतरी मुलगा मुलगी निघेल. जोडी लावा, की झालं."

"बघितल्या, सर. त्या खेपेला सहा कुप्या आल्या. कागदावर पाच मुलगे, एक मुलगी. पेशींत सहाही मुलगे."

"मग एकाच मुलाचा नमुना दोनदा भरला असेल."

"तेही बघितलं. सहाही वेगवेगळी माणसं आहेत. आधीच्या सगळ्या कुप्यांशी जुळवून पाहिलं. हा मुलगा आपल्याकडे कधीच आलेला नाही."

सर खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे मुलगी गायब, आणि तिच्या नावावर एक अनोळखी मुलगा."

"हो. आणि सर, आजाराची ओळ वाचते. 'उपचार पूर्ण. आजार परतल्याचा संशय. सूक्ष्मदर्शकाखाली कोवळ्या, शंकास्पद पेशी.' या शंकास्पद पेशी जर त्या मुलीच्या नसतीलच..."

"तर त्या कुणाच्या आहेत?" वाक्य सरांनी पूर्ण केलं. "आणि तो मुलगा कुठे आहे, आणि त्याच्याकडे कोण बघतंय? हॉस्पिटलच्या मुजावर मॅडमना फोन लावा."

"लावला. त्यांची ओपीडी आहे, उचलत नाहीत."

"मग जा. रिक्षा करा आणि जा. असल्या गोष्टी मेलवर कळवायच्या नसतात."

जा म्हणणं सोपं होतं. दोन वर्षं मी या मुलांच्या पेशींशी रोज बोलत होते, पण हॉस्पिटलात एकदाही गेले नव्हते. कुणी अडवलं नव्हतं, मीच टाळत होते. त्यात एक गोष्ट मनाला टोचायची. आजार परतलेल्या मुलांचे नमुने फार थोडे मिळायचे आणि माझा सगळा अभ्यास त्यांच्यावर. त्यामुळे कागदावर 'परतल्याचा संशय' दिसला की माझा चेहरा उजळायचा. सत्तेचाळीस नंबर आला तेव्हाही उजळला होता. माझ्या अभ्यासाला जे हवं असायचं, ते जगातल्या कुठल्याच घराला नको असतं. पाषाणला कॉम्प्युटरसमोर बसून हे विसरता यायचं.

हॉस्पिटलात लहान मुलांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. डॉ. नसरीन मुजावरांच्या खोलीबाहेर लांबलचक बाकं होती आणि ती सगळी भरलेली. नर्सला मी निरोप दिला, तशी ती म्हणाली, "बसा. मॅडम बोलावतील." मी एका बाईंच्या शेजारी जागा करून बसले. बाईंच्या पलीकडे आठेक वर्षांची एक मुलगी होती. तोंडावर मास्क, डोक्यावर बारीक कुरळे केस. तिने आईच्या मागून मान काढून माझी नीट तपासणी केली.

"तुम्ही सुई टोचता का?"

"नाही."

"मग बसा," तिने परवानगी दिली.

"गप गं," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "तुमी बी डागदरीन का ओ?"

"डॉक्टर आहे, पण औषधाची नाही. कॉम्प्युटरवर काम करते. आजाराचा अभ्यास."

"म्हंजे रिपोर्ट छापता व्हय?"

"तसंच काहीसं," मी म्हणाले. मावशीपेक्षा यांना लवकर कळलं होतं.

"मग आमचा तेवडा बगा की ओ. मुंबैला दिलाय. पयली बाटली वाटंतच गोठली म्हनं, मग परत रगात काडलं, परत धाडलं. आज येतूय, आज येतूय, असं चाललंय." बाईंनी पदराने उगाच गळा पुसला. "मंगल कोकरे म्या. सांगोल्याकडची. ही राजनंदिनी. राजी म्हनतो."

"माझे केस आधी सरळ होते," राजीने माहिती पुरवली. "सगळे गेले. मग हे कुरळे आले. असले कुनालाच न्हाईत आमच्यात."

"छान दिसतात."

"दिसत्यात, पन फनी अडकती."

आई हसली नाही. पोरीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला आणि आवाज खाली आणला. "बरी झालती ओ. शाळंत जायाला लागलीती. आन् म्हैन्याखाली ताप आला, रगात कमी झालं. आता म्हनत्यात, परत आलंय का काय ते बगाय लागंल. परत आलं आसंल तर..." पुढचं त्यांनी गिळलं. मग म्हणाल्या, "हिला काय कळत न्हाई ते बरं हाय. घरी थोरल्याचा जीव थाऱ्यावर न्हाई. संग्राम. यकोनीस वर्साचा हाय, तालमीत जातूय, बैलावानी खानारं पोरगं. चार दीस झालं, ताटावरनं उठतंय. माज्यामुळंच झालं म्हनतंय."

"त्याच्यामुळे कसं होईल?"

"तेच की ओ. म्या बी तेच सांगती त्याला. पर..."

"पाषाणच्या मॅडम कोण?" नर्सने हाक मारली. मी उठले.

मुजावर मॅडमना मी सभांमधून पाहिलं होतं. मिरजेच्या, मोठ्या आवाजाच्या, स्वतःच्या विनोदाला स्वतः आधी हसणाऱ्या. त्या दिवशी हसत नव्हत्या. समोर कागदांचा ढीग आणि वर झाकलेला चहा.

"बोल वृंदा, तू इकडे कशी? चंद्रावरून उतरल्यासारखी?"

सगळी वाट मी वाक्य जुळवत आले होते. "मॅडम, सत्तेचाळीस नंबरची कुपी बदललीय."

त्यांचं पेन थांबलं. "कशावरून?"

"कागदावर आठ वर्षांची मुलगी आहे. कुपीत मुलगा आहे."

"माझ्या वॉर्डात अदलाबदल?" आवाज चढला. "अगं, मॅरो काढताना मी स्वतः उभी असते. नाव विचारते, हातावरची पट्टी वाचते, कुपीवर चिकटवलेलं नाव आईला मोठ्यानं वाचायला लावते. नर्सेस मागे मला जप करणारी बाई म्हणतात. कुणाशी झाली अदलाबदल, ते तरी सांग."

"तेच कळत नाही. त्या खेपेत मुलगी नाहीच. सहाही मुलगे आहेत, आणि हा सहावा कोण ते आम्हाला माहीत नाही. मॅडम, तुमच्याकडे शंकास्पद पेशी दिसल्यात. त्या याच मुलाच्या असल्या तर त्याच्यावर कुणीच उपचार करत नाहीये."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथे भीती आली. कुठला नंबर कोणाचा, हे फक्त त्यांच्या कॉम्प्युटरवर असायचं. त्यांनी तो पुढे ओढला, चष्मा लावला, सत्तेचाळीस टाइप केलं.

आणि पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, नाव सापडत नसावं.

"वृंदा," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मुलगा म्हणजे, किती मुलगा?"

"म्हणजे?"

"थोडा मुलगा, थोडी मुलगी, असं काही आहे का?"

आधीच उल्हास, त्यात हा प्रश्न. "नाही हो. दोघांची मिसळ असती तर लगेच दिसलं असतं."

"मुलगी अजिबात नाही?"

"अजिबात नाही. मुलींचं ते एक जनुक असतं ना, ते चिडीचूप आहे. म्हणून तर म्हणते, कुपी पूर्णच बदललीय."

"पुन्हा सांग."

"काय पुन्हा सांगू?"

"मुलगी अजिबात नाही, हे. मोठ्यानं सांग."

मी वैतागले. रिक्षाने उन्हातान्हात आले होते, कुणा पोराच्या जिवाची काळजी घेऊन आले होते, आणि या बाई मला पाढे म्हणायला लावत होत्या. "मुलगी अजिबात नाही! आहे तो सगळा मुलगा आहे!"

मॅडमनी चष्मा काढला. उठून आधी दाराला कडी घातली. परत येऊन खुर्चीत बसल्या, ओढणी तोंडाला लावली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत ते मला समजेना. दोन्ही करत होत्या.

"अगं वेडे पोरी," श्वास मिळाल्यावर त्या म्हणाल्या, "कुपी नाही बदललेली. हिचा बोन मॅरोच बदललाय. दीड वर्षापूर्वी, मुंबईत. भावाचा घातलाय."

"भावाचा?" मी विचारलं.

"हिचा आजार कुठल्या पेशींत होता? हिच्या स्वतःच्या. त्या सगळ्या औषधांनी जाळून टाकल्या आणि जागा मोकळी केली. मग भावाच्या पेशी सोडल्या. त्यांनी घर केलं, त्यांनी रक्त बनवायला घेतलं. आता आजार परत आला असता तर कसा आला असता?"

"तिच्या स्वतःच्या पेशींतून," मी हळूच म्हणाले.

"म्हणजे कुपीत कोण सापडली असती?"

"मुलगी."

"मुलगी," मॅडम म्हणाल्या. "आजार परतला असता तर मुलगी परतली असती. आणि तू मघापासून इथं उभी राहून माझ्यावर ओरडतेयस की मुलगी अजिबात नाही."

त्या बाकीचं भराभर बोलत होत्या. कोवळ्या पेशी म्हणजे नव्या मॅरोची वाढती पिलावळ असते, ती सूक्ष्मदर्शकाखाली अगदी आजारासारखी दिसते, चांगल्या चांगल्यांना फसवते. रक्त कमी झालंय ते एखाद्या विषाणूमुळे किंवा औषधामुळे असेल. त्यावर इलाज आहे, ते आपण बघू. मी मान हलवत होते. ज्या अनोळखी मुलासाठी मी धावत आले होते, तो धडधाकट होता, तालमीत जात होता आणि ताटावरून उठत होता.

"मॅडम," मी खात्रीसाठी विचारलं, "सत्तेचाळीस नंबर म्हणजे बाहेर बसलेली... कुरळ्या केसांची?"

"भेटलीस?"

"मला बसायची परवानगी दिली तिने."

"मग ऐक," मॅडमनी लगेच डॉक्टरचा आवाज काढला. "बाहेर अक्षर बोलायचं नाही. तुझं काम संशोधनाचं. त्याच्यावर मी आईला शब्द देऊ शकत नाही. मुंबईला हीच तपासणी चाललीय, भावाचं किती आणि हिचं किती. तो रिपोर्ट दुपारपर्यंत देतो म्हणालेत. तो येईपर्यंत तुला काही माहीत नाही आणि मला काही माहीत नाही."

"मी थांबू का?"

"थांब. पण हा असा चेहरा घेऊन बाहेर जाऊ नकोस. आई त्याच्यावरून वाचेल. तोंड धू आधी."

आमच्या हजेरीच्या तक्त्यात मॅरो बदलल्याची नोंदच नव्हती, कारण तो नव्यानं दाखल होणाऱ्या मुलांसाठी केलेला होता, आणि नवीन मुलाला कुणी मॅरो बदलला का असं विचारत नाही. आज माझी स्वतःची छोटी लॅब आहे. आमच्या हजेरीच्या तक्त्यात 'मुलगा की मुलगी' याच्या शेजारी एक रकाना जास्तीचा आहे, 'रक्त कुणाचं?' नवीन आलेली पोरं हमखास विचारतात की हा काय प्रश्न झाला. मग मी त्यांना चहाला नेते.

तोंड धुऊन मी जिन्यात गेले आणि कर्णिक सरांना फोन लावला. "सर, कुपी बरोबर आहे. मुलगीही बरोबर आहे," असं म्हणून सगळं सांगितलं.

सर म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. रिक्षाचं बिल द्या माझ्याकडे." आणि मग, "म्हणजे तुमच्या अभ्यासातून सत्तेचाळीस गेली. आजार परतलेलाच नाही, तर तिचा काय उपयोग?"

"गेली, सर."

"छान झालं. अशाच जाऊ देत."

बाकावर परत गेले तेव्हा मंगलताईंनी बाजूला सरकून जागा दिली. त्यांनी विचारलं, "झालं का तुमचं काम?" मी म्हटलं, "होतंय." त्याहून जास्त बोलले असते तर सगळं बाहेर पडलं असतं, म्हणून मी राजीकडे वळले. तिच्याकडे एक पेन होतं आणि औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. आम्ही फुली-गोळा खेळायला बसलो. मी फुली घेतली. ती गोळा काढून हात कमरेवर ठेवून बघायची. आयुष्यात मी एवढ्या आनंदाने कुठलाच खेळ हरले नाही.

"तुमी मुद्दाम हरताय," ती म्हणाली.

"नाही गं."

"दादा बी असंच करतो. मला कळतंय."

मंगलताई जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. भाकरी होती, वांग्याची सुकी भाजी होती. त्यातला चतकोर त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि स्वतः काहीच खाल्लं नाही. डोळे मॅडमच्या दाराला लागलेले. दार उघडलं, की त्यांचा हात पोरीच्या पाठीवर जायचा. दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं, की तो सुटायचा. एक वाक्य होतं माझ्याकडे, या बाईंना पुरून उरेल असं, आणि ते मला बोलता येत नव्हतं. मुंबईचा रिपोर्ट वेगळा निघाला तर, असंही एकदा मनात आलं. माझी सगळी फाइल मी तोंडपाठ आठवून पाहिली. मुलगी कुठेच नव्हती.

बाकं रिकामी होत आली तेव्हा मॅडम स्वतःच बाहेर आल्या. एरवी त्या नर्सकडून बोलावतात. हातात नुकताच छापलेला कागद होता. मंगलताई उभ्या राहिल्या.

"मंगल," मॅडम म्हणाल्या, "आजार परत आलेला नाही."

बाईंना ते ऐकू गेलं, पण आत पोचलं नाही. "मग काय झालंय ओ?"

"साधं काहीतरी आहे. औषधानं बरं होईल. हिच्या अंगात जे रक्त बनतंय ना, ते सगळंच्या सगळं संग्रामचं आहे. हिचं जुनं, आजारी, एक थेंब उरलेलं नाही. मुंबईनं लिहून दिलंय."

"समदं त्याचं?"

"समदं त्याचं," मिरजेच्या मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं होतं, त्या रडतील, नाहीतर मॅडमच्या पाया पडतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. आधी त्या खाली बसल्या. डब्यातला उरलेला भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, चांगला चावला, पाण्याबरोबर गिळला. मग कमरेची पिशवी चाचपून मोबाइल काढला आणि पहिल्या झटक्यात नंबर लावला.

"संग्राम? आरं, मी बोलतीया. न्हाई, न्हाई, आईक आदी. आलं न्हाई. परत आलं न्हाई रं! समदं तुजंच हाय. तिचं काय बी न्हाई, समदं तुजंच हाय म्हनत्यात... आरं बोल की. आरं, रडतुयास कशापायी, येड्या?" आणि हे विचारता विचारता त्यांचा बांध फुटला. फोन कानाला तसाच, आणि बाई हमसून हमसून रडायला लागल्या. राजी आईच्या मांडीला बिलगून घाबरून एकेकाकडे बघायला लागली. मॅडमनी तिला जवळ घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. तिने लगेच तक्रार केली, "म्हंजे परत सुई न्हाई ना?"

मला तेव्हा कळलं की तो पोरगा चार दिवस कशामुळे उपाशी होता. आपलं रक्त कमी पडलं, आपलंच रक्त नासकं निघालं आणि बहीण चालली, असं तो धरून बसला होता. एकोणिसाव्या वर्षी, तालमीत जोर काढताना, हे ओझं घेऊन.

मंगलताईंनी डोळे पुसले आणि एकाएकी फोन माझ्यापुढे धरला. "तेला माजं खरं वाटंना झालंय. रिपोर्ट छापनाऱ्या बाई हायत म्हनून सांगितलंय. तुमी सांगा."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"हॅलो, संग्राम? मी वृंदा सातपुते. पाषाणला असते."

"मॅडम," घोगरा, दाटलेला आवाज आला. "आई भोळी हाय, तिला कुनी बी काय बी सांगतंय. तुमी खरं सांगा. पक्कं माजंच हाय?"

"पक्कं तुझंच. मी स्वतः पाहिलंय. इतकं तुझं आहे, की मला आधी वाटलं, मुलीच्या कुपीत कुणा मुलाचं रक्त चुकून आलंय. म्हणून तर मी धावत इथे आले."

पलीकडे मागे कुठेतरी शेळ्या ओरडत होत्या. त्याने नाक ओढलेलं मला ऐकू आलं, आणि मग एकदम स्वच्छ, जरा रागावल्यासारखा, थोरल्या भावाचा आवाज आला.

"चुकून न्हाई, मॅडम. म्या सोताहून दिलंय."